मॅडमची भिंत

मागे कोणीतरी घसा खाकरला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली, गुडघे जुळले, थापी धरलेल्या हाताची बोटं हवेतच टाईपरायटरची बटणं शोधायला लागली. वय सत्तेचाळीस, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, पायांत दोन नंबर मोठे बूट. समोर विटांची कोरी भिंत, डोक्यावर तापलेला पत्रा. आणि अठरा वर्षं ज्या खाकरण्यावर मी वही-पेन्सिल घेऊन केबिनमध्ये धावले, ते खाकरणं इथे, फरशी बसवायच्या वर्गात, माझ्या मानेमागे हातभर अंतरावर. वळून बघायची गरज नव्हती, तरी वळले. मॅडमच होत्या. केस आवळून बांधलेले, चष्म्याला साखळी, आणि शर्टाला चक्क इस्त्री. "तूसुद्धा इथेच का?" त्या म्हणाल्या, जशी काही मी न विचारता त्यांच्या केबिनमध्ये शिरले होते.

आमचं विमा कार्यालय बंद झालं त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. बंद झालं म्हणजे दुसऱ्या मोठ्या कार्यालयाने गिळलं, आणि गिळताना आम्ही बायका बिया थुंकाव्यात तशा बाहेर पडलो. मग एक फॉर्म आला. बायकांसाठी नव्याने कामधंदा शिकवायची योजना. आवडीच्या कामापुढे खूण करा. शिवण, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा, लहान मुलं सांभाळणं. वाचता वाचता माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे सगळं मी पंचवीस वर्षं फुकट केलेलं, आणि आता तेच सोळा आठवडे कुणाकडून तरी शिकून यायचं? अगदी तळाशी लिहिलं होतं, 'बांधकाम व सजावट'. तिथे इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला. नवरा म्हणाला, "अगं, हौस म्हणून ठीक आहे." शेजाऱ्यांना मात्र त्याने सांगितलं की ही इंटिरिअरचा कोर्स करतेय. मी दारात सिमेंट लागलेले बूट झटकत असताना समोरच्या बाई विचारायच्या, पडदे कुठल्या रंगाचे घेऊ? नवरा डोळ्यांनी खुणावायचा, सांग ना काहीतरी. मी म्हणायचे, पिवळे घ्या. कुणी काहीही विचारलं की पिवळे.

मॅडमनी काय विचार करून तिथे खूण केली ते मला कधी कळलं नाही. बहुधा सगळा फॉर्म वाचून, कशाला वाव जास्त आहे ते ताडून. हजेरीपटावर आमची नावं एकाखाली एक होती, कारण कार्यालयातही ती तशीच होती आणि यादी तिथूनच आली होती. शिकवणारी बाई तिशीची, दंडावर जुन्या भाजल्याचा डाग, आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. तिने यादीवरून बोट फिरवत दोन-दोनच्या जोड्या लावल्या. सगळ्या जणी तिला मिस्त्रीणबाई म्हणायच्या. ती आम्हा दोघींना मावशी म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मॅडम माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "मावशी काय, मावशी! हिला एकदा नीट सांगायला हवं." सांगायला हवं याचा अर्थ मी सांगायचं. अठरा वर्षं तोच अर्थ होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं, आणि तेवढ्यानेसुद्धा माझ्या तळहातांना घाम फुटला याचा मला संताप आला.

जोडीतली एक सिमेंटचा मसाला कालवते, दुसरी लावते, मग अदलाबदल, अशी रीत होती. आमच्यात अदलाबदल झालीच नाही. पहिल्या दिवशी मॅडमनी थापी उचलली आणि ती त्यांचीच झाली. मी बादलीशी. "जरा सैल कर." केलं. "आता पातळ झालं बघ." सैल करा म्हटल्यावर पातळच होणार, पण तोंडातून निघालं ते "हो मॅडम." घरी जाताना बसमध्ये त्या 'हो मॅडम'वर मी दात खात बसायचे. खिडकीबाहेर दुकानं सरकायची आणि मी मनातल्या मनात त्यांना सडेतोड उत्तरं द्यायचे. एकेक उत्तर घासूनपुसून इतकं लखलखीत करायचे की घरी पोचेपर्यंत जीव दमून जायचा. नवरा विचारायचा, फार काम होतं का आज? मी म्हणायचे, बादली ढवळली. बादली ढवळून माणूस इतकं दमतं? मग मी भांडी जरा आवाज करत लावायचे.

सगळ्यात जास्त चीड कशाची यायची, तर मला काम आवडायला लागलं होतं. मसाल्यात दातेरी थापी फिरवली की नांगरलेल्या शेतासारख्या ओळी उमटायच्या. फरशी त्यावर टेकवून रबरी हातोडीने वर टकटक केलं की पोकळ आवाज हळूहळू भरीव होत जायचा, आणि तो भरीव झाला की माझ्या पोटात काहीतरी जागच्या जागी बसायचं. मॅडम उशिरा यायच्या त्या सकाळी मी हे करून बघायचे. मिस्त्रीणबाई एकदा मागे उभी राहून बघत होती. "मावशी, तुमचा हात चांगला आहे," ती म्हणाली, "आणि डोळा त्याहून चांगला. पण तुम्ही बोलत का नाही? वाकडं दिसलं की तुमच्या कपाळावर आठी पडते, मला इथून दिसते. तोंडातून शब्द मात्र फुटत नाही." मी म्हटलं, सवय नाही. "सवय लावा," ती म्हणाली आणि पुढच्या भिंतीकडे गेली. सवय लावा! जशी काही ती बाजारात मिळते.

बोलायची सवय नाही हे खरंच होतं, आणि त्यामागे एक दुपार होती. कार्यालयात रेकॉर्डरूम सांभाळणारी एक बाई होती. ठेंगणी, सतत शिंकणारी, जुन्या कागदांच्या धुळीने नाक कायम लाल. डबा खायला माझ्या टेबलाशी यायची आणि खाताखाता शिंकायची, मी हाताने डबा झाकायचे आणि दोघी हसायचो. एका मोठ्या दाव्याची फाईल हरवली. आठवडाभर शोधाशोध, वरून फोन. मग मॅडमनी मला आत बोलावलं आणि पत्र सांगितलं: अक्षम्य निष्काळजीपणा, पूर्वीही तोंडी समज दिली होती, दूरच्या शाखेत बदली. मी लिहून घेत होते. मॅडमचं कपाट अर्धवट उघडं होतं, आणि मधल्या फळीवर, जुन्या डायऱ्यांच्या खाली, त्या फाईलचा हिरवा पुठ्ठा मला स्वच्छ दिसत होता. क्रमांकसुद्धा वाचता येत होता. मी वर बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत पुढचं वाक्य जुळवत होत्या. मी बाहेर आले आणि पत्र टाईप केलं. एक शब्द त्यांनी चुकीचा सांगितला होता तो सुधारलासुद्धा. रेकॉर्डरूमच्या बाईंना ती शाखा झेपली नाही, जाऊन-येऊन चार तास. तीन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या, शिंकल्या, म्हणाल्या, "तुझं बरं आहे गं, तुला फक्त टाईप करायचं असतं."

हे वाक्य दहा वर्षं माझ्या डोक्यात होतं आणि मी ते मॅडमच्या नावावर लिहून ठेवलं होतं. त्यांनी केलं. त्यांना माहीत होतं. फाईल स्वतःच्या कपाटात लपवून त्यांनी एका बाईचा बळी दिला. बादली ढवळताना हे आठवलं की हात आपोआप जोरात फिरायचा.

सोळाव्या आठवड्यात परीक्षा आली. प्रत्येक जोडीला न्हाणीघराएवढा कोपरा: दोन भिंती, खाली जमीन, एका जागी नळासाठी भोक. दोन दिवसांत पुरं करायचं. बाहेरचा परीक्षक येणार होता, आणि त्याच्यामागून एक बांधकामवाला, ज्याला नव्या रुग्णालयातल्या न्हाणीघरांसाठी पास झालेल्या जोड्या हव्या होत्या. पहिल्या दिवशी मॅडमनी डावी भिंत घेतली; कालवून उरलेल्या वेळात उजवी आणि जमीन माझी. तिसऱ्या ओळीला मला दिसलं. भिंत वर जाताना पुढे झुकत होती, केसाइतकीच, पण झुकत होती. पाणसळ माझ्या पायाशी पडली होती. ती उचलून भिंतीला लावायची, बुडबुडा कुठे जातो ते दाखवायचं, बस. मी मसाला कालवला. चौथी ओळ, पाचवी. मनात म्हटलं, त्यांची भिंत आहे, त्यांनी बघावं. सहावी. आता सांगितलं तर म्हणतील, आधी का नाही बोललीस. संध्याकाळी हात धुताना त्या भिंतीकडे लांबून बघत म्हणाल्या, "छान आली ना?" आणि मी म्हटलं, "हो मॅडम."

दुसऱ्या दिवशी नववी ओळ लागली तेव्हा कोपऱ्यात दोन भिंतींमधली फट डोळे मिटूनही दिसली असती. खाली करंगळी मावेल एवढी, वर अंगठा. बाकीच्या जणी जेवायला बाहेर गेल्या होत्या. मॅडम फटीकडे बघत होत्या. "हे असं का होतंय?" त्या म्हणाल्या. "तुझा मसाला सारखा नाहीये. कुठे घट्ट, कुठे सैल. एवढं एक काम तुला..."

"मसाल्याला काही झालेलं नाही. तुमची भिंत वाकडी आहे."

मॅडमनी चष्मा काढला, परत घातला. "तू कालव. बघायचं काम माझं आहे."

आणि मग बसमध्ये घासूनपुसून ठेवलेल्या लखलखीत उत्तरांतलं एकही मला आठवलं नाही. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "तुमचं बघायचं काम! स्वतःच्या कपाटातली फाईल दिसली नाही तुम्हाला. मधल्या फळीवर होती. हिरवी. आणि ती बिचारी रोज चार-चार तास बसमध्ये काढत राहिली."

मॅडम पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या. त्यांना तसं कुठेही बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या हातावरचा वाळलेला मसाला नखाने सोलत राहिल्या. "तीन दिवसांनी सापडली मला," त्या म्हणाल्या. "पत्र वर गेलं होतं. वरच्यांनी सही केली होती. मी म्हटलं, आता परत घ्यायचं म्हणजे... पण तुला कसं माहीत? कपाटाला तर मी कुलूप लावायला लागले होते."

"तेव्हा उघडं होतं," मी म्हटलं. "तुम्ही पत्र सांगत होतात तेव्हा. मला समोरच दिसत होती."

"सांगत होते तेव्हा?"

"हो."

"म्हणजे टाईप करायच्या आधी?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग असता तर मी दहा वेळा परत बोलले असते. पण तिथे निव्वळ न समजणं होतं, एखाद्या मुलीला बेरीज न समजावी तसं. "मग मला सांगितलं का नाहीस गं? मी खरंच शोधत होते. तू नुसतं बोट दाखवलं असतंस तर ते पत्र मी तिथेच फाडलं असतं." मी म्हणणार होते की तुम्ही कुणाला बोलू देत होतात का, तुमच्या केबिनमध्ये श्वास तरी मोकळा घेता येत होता का, आणि हे सगळं खरं होतं. पण दहा वर्षं जी गोष्ट मी त्यांच्या नावावर ठेवली होती ती आता आमच्या दोघींच्या मधोमध येऊन पडली होती, आणि मोजायला गेलं तर तिचा जड भाग माझ्याकडे होता. त्यांना तीन दिवस उशिरा कळलं. मला वेळेवर कळलं होतं. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना, म्हणून मी छिन्नी उचलली.

"काय करतेस?" "काढतेय." "अगं, पण वेळ..." "तिसऱ्या ओळीपासून सगळं काढायला लागेल. कालच दिसलं होतं मला." हे ऐकून मॅडमनी डोळे मिटून घेतले. "कालसुद्धा," त्या म्हणाल्या. "कमाल आहे तुझी." मग उठल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. आजच्या फरश्या ओल्या होत्या, हाताने निघाल्या. कालच्या हट्टाला पेटल्या होत्या. पाच फुटल्या, एकीचा कपचा माझ्या मनगटात घुसला. मॅडम काढलेल्या फरश्यांची पाठ खरवडत होत्या, अगदी मन लावून, कडेची धूळही पुसत. बाकीच्या जेवून आल्या आणि आमच्या कोपऱ्यासमोर गोळा झाल्या. मिस्त्रीणबाईने दोन्ही हात कमरेवर ठेवले, तोंड उघडलं, पाणसळ उचलून उरलेल्या दोन ओळींना लावली आणि निघून गेली. मी लावत होते, मॅडम कालवत होत्या. त्यांचा मसाला भयंकर होता. "जरा सैल करा." "आता?" "आता पातळ झाला." त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की हसू फुटलं असतं, पण दोघींनाही हसायला सवड नव्हती.

परीक्षक आला तेव्हा डाव्या भिंतीच्या सहा ओळी सरळ होत्या आणि वर उघड्या विटा. उजवी भिंत आणि जमीन मी आदल्या दिवशी आणि त्या सकाळी उरकली होती, ती ठीक होती. त्याने ठोकून बघितलं, काटकोन बघायला कोपऱ्यात गुण्या लावला, कागदावर लिहिलं: अपूर्ण. तीन आठवड्यांनी पुन्हा यायचं. मिस्त्रीणबाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी जोडी बदलून देऊ का? आणखी दोघी आहेत नापास झालेल्या." सोळा आठवडे मी या प्रश्नाची वाट बघत होते. मॅडम बुटांकडे बघत होत्या. मी म्हटलं, "नको, राहू दे," आणि लगेच स्वतःवर चडफडले. (तीन आठवड्यांनी आम्ही पास झालो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मॅडमनी तेव्हाही तीनदा माझी थापी काढून घेतली.)

त्या संध्याकाळी आम्ही एकाच बसमध्ये बसलो. मॅडम सारख्या बोलत होत्या. पुढच्या वेळी आधी आखणी, मग वाटणी, कागदावर वेळापत्रक, डाव्या भिंतीला किती तास, उजवीला किती. माझं मनगट ठणकत होतं. मी म्हटलं, "गप्प बसा हो जरा." त्या गप्प बसल्या. दोन थांबे गेले. मला वाटलं, फार झालं, माफी मागावी; तेवढ्यात त्या काचेकडे तोंड करून म्हणाल्या, "तिचं घर मला माहीत आहे. पुढचाच थांबा. मी दोनदा गेले होते. खाली उभी राहिले आणि परत आले."

"कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या. लिफ्ट नाहीये."

बस थांबली. कोण आधी उठलं ते सांगता येणार नाही. जिन्यात कपडे धुतल्याचा वास होता, कुणीतरी कठड्याला सायकल बांधली होती. मॅडमना गुडघ्यांचा त्रास होता, दर मजल्यावर त्या थांबायच्या आणि दर वेळी म्हणायच्या की मी बोलेन, तू मध्ये बोलू नकोस, सुरुवात कशी करायची ते मी ठरवलंय. दुसऱ्या मजल्यावर म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावर म्हणाल्या. चौथ्यावर बेल मी वाजवली.

दार उघडलं. रेकॉर्डरूमच्या बाईंचे केस पांढरे झाले होते. नाक लाल नव्हतं. हातात धुवायला घेतलेला पेला होता, त्यातून फेस गळत होता. त्यांनी आधी आमच्या बुटांकडे बघितलं, मग सिमेंट लागलेल्या शर्टांकडे, मग एकेकीच्या तोंडाकडे, आणि ओळख पटत गेली तसा त्यांचा दुसरा हात दाराच्या कडेवर घट्ट होत गेला. मॅडमनी श्वास घेतला. मी म्हटलं, "ती फाईल मॅडमच्या कपाटात होती. मला दिसत होती. मी बोलले नाही आणि पत्र टाईप केलं." एवढंच. दहा वर्षांचं एवढंच निघालं, अर्ध्या मिनिटाचंही नाही.

आत रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. पेल्यातला फेस उंबऱ्यावर पडला, तो त्यांनी पायाने पुसला.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणखी काही?"

"नाही."

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, घरात कुणी झोपलेलं असावं तसं लावलं. मी जिना उतरायला लागले. पाय हलके झाले होते असं काही नाही. बूट तेवढेच मोठे होते आणि टाचा घासत होत्या. मागून मॅडम तरातरा येत होत्या. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. चेहरा लालबुंद झाला होता.

"मला बोलूच दिलं नाहीस तू! माझं काय? मी काय म्हणणार होते ते सगळं राहिलं. दहा वर्षं मी..."

"मग जा ना," मी वैतागून म्हटलं. "बेल तिथेच आहे."

त्यांनी वर बघितलं. मग खाली, माझ्याकडे. "तू थांबशील?"

मी पायरीवर बसले आणि एक बूट काढला. मॅडम वर निघाल्या, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, गुडघ्यांना शिव्या घालत. वळणावर त्या दिसेनाशा झाल्या. पावलं थांबली. मग बेल वाजली, एकदाच आणि जराशी जास्तच लांब. आतून कुणीतरी दाराकडे येत असल्याचा आवाज आला.